शेवटचा केसभर

एर्झुरुममध्ये चहात साखर ढवळत नाहीत.
टणक खडा दाढेत धरतात
आणि वरून कडक चहा सोडतात, घोट घोट.
आमच्या दंतविद्यालयाबाहेरची अर्धी रांग
त्या खड्यानं उभी केलेली.

बुन्यामिन उस्ता त्या रांगेतले.
खालची उजवी, पहिली मोठी दाढ.
काळ्या ओल्तू दगडाचे मणी कोरतात जपमाळांसाठी,
बोटांच्या रेघांत काळी पूड
धुऊनही राहिलेली.

मी लिफाफा फोडला. तीन पद्धतींपैकी एक:
गार गट्टापर्चाच्या काड्या, एकीला खेटून दुसरी;
किंवा एकच काडी, भोवती पातळ पांढरं सिमेंट;
किंवा वितळवून, तापल्या टोकानं खाली रेटत नेलेलं.
कुणाला काय, ते रुग्णाला सांगायचं नाही.
दुखणं भाबडं राहायला हवं,
असं सेव्हिलाय मॅडम म्हणतात.

उस्तांना वितळवलेलं निघालं.

नस काढली. मुळांतल्या तीन नळ्या
घासल्या, धुतल्या, कोरड्या केल्या.
एवढासा धूर, जळक्या रबराचा वास.
आणि शेवटच्या एक्स-रेत, मुळाच्या टोकाबाहेर,
एक पांढरा ठिपका. राईच्या दाण्याहून लहान.
"होतं असं," मॅडम म्हणाल्या. "जिरेल. पुढचा पेशंट."

सहा तासांनी फोन.
शून्य ते दहा, किती दुखतंय?
पलीकडे यंत्राची घरघर थांबली.
"आकड्यात मला नाही सांगता येत, पोरी. ऐक."
फोनशी माळ धरून मणी सरकवले.
टक्.
टक्.
मी मोजत गेले. सात.

"नस तर काढलीस ना? मग दुखतंय कुणाला?"

मी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं:
दाढेत आता कुणी राहत नाही, उस्ता.
घर रिकामं केलं, भरलं, लिंपून घेतलं.
दुखतं ते भिंतीपलीकडच्या हाडाला.
भरताना कधी कधी शेजाऱ्याला धक्का लागतो.

"कधी कधी," ते म्हणाले.
प्रश्न नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी पाच मणी. आणि मग, मी न विचारताच:
"मण्याला भोक पाडताना सुरुवातीला कुणी चुकत नाही.
मधेही नाही.
सुई पलीकडे निघते ना, तिथे टवका उडतो.
शेवटचा केसभर.
जोर पोचायच्या आधीच हात मागे यायला हवा.
मला अकरा वर्षं लागली."

फॉर्मवर याला रकाना नाही.
मी पाच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी तीन.
बायको, गुलबेयाझ, मागून ओरडत होती
की रात्री उशी चावत होते, त्याचा मणी कोण मोजणार.
मी तेही लिहून घेतलं, कडेला, पेन्सिलीनं.

संध्याकाळी तक्ता भरते.
गारवाले, एका काडीचे, वितळवलेले, तीन रंगांत.
सगळ्यांचे आकडे उतरतायत,
कुणाचे धावत, कुणाचे कठडा धरून जिन्यावरून.
मॅडमना सरासरी हवी आहे.
सरासरीला जबडा नसतो.

माझा ठिपका कुठल्याच रंगात नाही.
तो उस्तांना सांगायचा की नाही,
हे लिफाफ्यात लिहिलेलं नव्हतं.

सातव्या दिवशी बर्फानं खिडकी अर्धी बुजलेली.
किती दुखतंय, उस्ता?
आवाज नाही. यंत्रही बंद.
"खडा आता डावीकडे धरतो," ते म्हणाले,
"पण ती काही तुझ्या कामाची गोष्ट नाही."

उस्ता, मी म्हटलं, टोकाला माझा हात गेला पुढे.
केसभर.

"कळलं होतं मला," ते म्हणाले. "पहिल्या मण्याला."
मग थोडं थांबून: "किती वर्षं झाली तुला?"
दीड.
हसले असावेत. मी आभार मानले,
फोन आता येणार नाहीत म्हणून सांगितलं.

आणि ठेवता ठेवता,
टक्.

एक? की नुसती अंगठ्याची सवय?
रकान्यावर पेन धरलंय.
बाहेर पुढच्या माणसाचं नाव पुकारतायत.
अजून टेकवलेलं नाही.